सुवार्तेची मोजदाद

दिवाळीच्या फराळापुढे बसून धर्माचा वाद काढू नये असा आपल्याकडे शिष्टाचार आहे, आणि तो चांगला आहे. तरीही या अंकात मी तो मोडणार आहे. कारण ज्या गोष्टीविषयी मला बोलावयाचे आहे, ती फराळाच्या ताटापाशीच येऊन अडली आहे.

मी ख्रिस्ती आहे. नगर जिल्ह्यातल्या एका गावात शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. जिभेचे वळण अजून जुनेच आहे. धर्मशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. माझी मजल मॅट्रिकपुढे गेली नाही. तेव्हा पुढचे सारे व्यासपीठावरून नव्हे, ओट्यावर बसून बोलतो आहे असे वाचकांनी समजावे.

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. अठरा वर्षे दर दिवाळीला त्यांच्याकडून आमच्याकडे ताट येत असे. चकली, अनारसे, शेव, आणि माझ्यासाठी मुद्दाम चार बेसनाचे लाडू. नाताळला तेच ताट आमच्या करंज्या घेऊन परत जाई. आपल्यात ताट रिकामे परत पाठवीत नाहीत. या व्यवहारात कोण कुठल्या देवाचे, हा प्रश्न कधी आला नाही.

गेल्या वर्षी भर पावसाळ्यात वहिनींच्या धाकट्या मुलाला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत चालल्या. दवाखान्याच्या पायरीवर वहिनी माझ्या पत्नीला म्हणाल्या, "ताई, तुमच्या देवालाही सांगा हो." पत्नीने खाटेपाशी बसून पाच मिनिटे साध्या मराठीत प्रार्थना केली, मग वहिनींना घरी झोपायला धाडले आणि रात्रभर स्वतः तिथे बसली. पोरगा बरा झाला. सलाइनने झाला, डॉक्टरांच्या देखरेखीने झाला, आणि माझ्या पत्नीला विचाराल तर देवाच्या दयेने झाला. ती या तिन्हींत भांडण पाहत नाही.

गोष्ट येथे संपावयाची. पण आठ दिवसांत दोन माणसे आली. पहिला एक तरुण उपदेशक, बाहेरगावचा, माझ्याच धर्माचा. तो मला म्हणाला, "ब्रदर, या बाईंना आपल्या चंगाई सभेत उभे करू. साक्ष होईल. गेल्या वर्षात तुमच्याकडून किती आत्मे जिंकले गेले?" दुसरा आमच्याच तालुक्यातला, धर्मरक्षणाचे काम करणारा. तो वहिनींच्या दारात उभा राहिला आणि विचारू लागला, "त्या बाईने काय देऊ केले? पैसे? नोकरी? तुमच्याबरोबर आणखी कोण कोण जाते तिकडे?" दोघांच्याही खिशात वही होती. दोघांनाही वहिनींचे नाव त्या वहीत हवे होते; एकाला जमेच्या बाजूला, दुसऱ्याला खर्चाच्या.

वहिनींचे यजमान घाबरले. येणेजाणे बंद झाले. गेल्या दिवाळीला अठरा वर्षांत प्रथमच ताट आले नाही.

या दोन वहीवाल्यांशी माझे भांडण आहे. एकमेकांचे कट्टर वैरी म्हणवणारे हे दोघे एकाच चुकीची दोन टोके धरून उभे आहेत. सुवार्ता म्हणजे माणसे मोजून आपल्या गोटात आणण्याचा धंदा, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला तो धंदा वाढवावयाचा आहे, दुसऱ्याला बंद पाडावयाचा आहे, एवढाच काय तो फरक.

प्रथम घरच्यांशी बोलतो. शेजाऱ्याला बोलण्याआधी घर झाडावे, ही दिवाळीचीच रीत आहे.

प्रभू येशूने पुनरुत्थानानंतर शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवले, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस आहे. ती आज्ञा मी नाकारीत नाही. ती नाकारून ख्रिस्ती राहता येत नाही. पण त्याच मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात, एक माणूस आपल्या मतात ओढण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर प्रभू कडाडला आहे, हेही आपण वाचतो की नाही? योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक पुन्हा त्याच्यामागे लागले, तेव्हा तुम्ही भाकरीसाठी आला आहात हे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. पुष्कळजण निघून गेले. त्याने कुणाचा सदरा धरला नाही. उलट उरलेल्या बारांना विचारले की तुम्हालाही जावयाचे आहे काय. तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन परत फिरला तेव्हाही त्याच्यामागे धावत जाऊन अटी सैल केल्या नाहीत. ज्याच्या नावाने आपण वह्या भरतो, त्या गुरूने स्वतः वही ठेवली नव्हती.

आपल्याला जे पद दिले आहे ते साक्षीदाराचे. आपल्याकडे कोर्टकचेऱ्या पुष्कळांच्या नशिबी आहेत, त्यामुळे साक्षीदार म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. साक्षीदाराने स्वतः पाहिले तेवढे सांगावे. ऐकीव सांगू नये. तिखटमीठ लावू नये. साक्षीसाठी पैसे घेऊ नयेत आणि देऊही नयेत. आणि मुख्य म्हणजे, निकाल लावण्याचे काम त्याचे नव्हे. निकाल ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात लागतो, आणि तेथे देवावाचून दुसऱ्याला प्रवेश नाही. मग "मी अमुक आत्मे जिंकले" असे कोणी म्हणतो तेव्हा तो साक्षीदाराचा पिंजरा सोडून न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसलेला असतो.

हे माझ्या पदरचे शहाणपण नव्हे. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने, श्रद्धेच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करू नये आणि अनुचित मार्गांनी कुणाला ओढू नये, असे स्पष्ट बजावले. १९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे जगभरचे इव्हँजेलिकल पुढारी जमले, आणि त्यांनी आपल्या करारनाम्यात कबुली दिली की आपण श्रोत्यांवर दडपण आणले, आकड्यांच्या नादी लागलो आणि आकड्यांबाबत अप्रामाणिकही झालो. २०११ साली व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना या तिघांनी मिळून साक्ष देण्याविषयी एक पत्रक काढले. फसवणूक आणि आमिष त्यात निषिद्ध ठरवले आहे. रोग्याच्या असहायतेचा फायदा घेऊ नका असे त्यात आहे. धर्म बदलणे हा मोठा निर्णय आहे, त्याला विचार करावयास पुरेसा वेळ द्या असेही आहे. एरवी एका पंगतीला सहसा न बसणारे हे तिघे येथे एक झाले. मग त्या तरुण उपदेशकाला तापातून उठलेल्या पोराच्या आईला मांडवात उभे करण्याचा हक्क कोणी दिला?

आकडे पाठवण्याची ही खोड जुनी आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ साली नगरला आले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. १८४२ साली नगरलाच 'ज्ञानोदय' सुरू झाले. त्या उपकाराचे मी मीठ खाल्ले आहे. पण बॉस्टनला वार्षिक अहवाल जाई, त्यात तक्ते असत, आणि तक्त्यात माणसाला आकडा व्हावेच लागते. माझे पणजोबा त्या तक्त्यात एक असतील. गावाने त्यांना पोटासाठी बाटलेला म्हटले. दुष्काळात मिशनची भाकरी त्यांनी खाल्ली, हे खरे आहे. पण आजी सांगत असे की भाकरीपेक्षा त्यांच्या मनात राहिले ते निराळेच. ती भाकरी देणारा माणूस त्यांच्याच घोंगडीवर बसून त्यांच्याबरोबर जेवला होता. जन्मात पहिल्यांदा कोणी परका त्यांच्याशेजारी बसला होता. दुष्काळ गेला, भाकरी बंद झाली, पणजोबा परत गेले नाहीत. हे कुठल्या रकान्यात भरणार?

आणि त्या घोंगडीचे आपण पुढे काय केले? आजही आमच्यांत सोयरीक जुळवताना, "तुमचे मूळचे कोण?" असे हळूच विचारले जाते. तामिळनाडूत दलित ख्रिस्ती मृतांना वेगळ्या जागी पुरण्यापर्यंत मजल गेली. ज्या घरात मूळचे कोण हे विचारले जाते, त्या घरातून सुवार्ता सांगावयास कोणी बाहेर पडू नये. आधी घरात सांगावी.

आमच्यात तिसराही एक वर्ग आहे, तो सभ्य आहे आणि मला त्याचे अधिक भय वाटते. तो म्हणतो, "काळ कठीण आहे. सेवा करावी, तोंड उघडू नये." माझ्या पत्नीने दवाखान्यात बसावे, पण प्रार्थना करू नये, असे त्याचे म्हणणे. मला हे मान्य नाही. ज्या गोष्टीने मी जगतो ती विचारणाऱ्यापासून लपवून ठेवणे ही नम्रता नव्हे. त्यात समोरच्याविषयी अविश्वास आहे. पेत्राच्या पत्रात उपाय सांगितला आहे: तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर तयार ठेवा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. विचारल्यावर बोलावे, न विचारता बोललो तरी दाराला पाय लावू नये, आणि "नको" म्हटले की चहा घेऊन उठावे. याहून वेगळी पद्धत मला ठाऊक नाही.

आता दुसऱ्या वहीवाल्याकडे वळतो.

त्याचे म्हणणे असे की ख्रिस्ती माणसाची सेवा म्हणजे गळाला लावलेले आमिष. मी त्याला दोन गोष्टी विचारतो. पहिली आकड्यांची, कारण त्याला आकड्यांखेरीज समजत नाही. १९५१ च्या जनगणनेत या देशात ख्रिस्ती होते सुमारे २.३ टक्के. २०११ च्या जनगणनेत होते २.३ टक्के. साठ वर्षे अखंड आमिष लावून मासा जेथल्या तेथे! तो म्हणेल, पुष्कळजण लपून राहतात. राहत असतील. पण का लपतात ते त्याने सांगावे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंना मिळाल्या, १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना. दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. तेव्हा आमिष कोणत्या बाजूला आहे आणि किंमत कोण मोजतो, याचा हिशेब नीट मांडावा.

दुसरी गोष्ट कायद्याची. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत या शब्दावर वाद झाला, आणि तो शब्द राहावा म्हणून उभे राहिलेल्यांत कन्हैयालाल मुनशी होते. ते ख्रिस्ती नव्हते हे सांगावयास नकोच. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नाही. आमचे पुष्कळ लोक या निकालावर रागावले. मी रागावलो नाही. दुसऱ्याचे धर्मांतर मी करू शकतच नाही. जे माझ्या हातात नाही त्याचा हक्क मागू कशाला? माझी तक्रार निराळी आहे. ती ऐकणाऱ्याच्या वतीने आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्यावर ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवण्याची अट घातली. आणि आधीच्या धर्मात परत जाणे हे मात्र धर्मांतर मानले नाही. जाण्याच्या वाटेवर चौकी, येण्याची वाट मोकळी. उद्या वहिनींना ख्रिस्ती व्हावेसे वाटो अथवा न वाटो, माझा त्याविषयी आग्रह नाही. पण आपल्या मनात काय चालले आहे हे त्या बाईने साहेबाच्या टेबलावर अर्जाने का मांडावे? फसवणूक झाली तर फसवणाऱ्याला पकडावे, तो माझ्या धर्माचा असला तर आधी पकडावे. पण अज्ञ आणि गरीब म्हणून ज्यांचे रक्षण करावयाचे, त्यांना स्वतःचे मनच नाही असे धरून चालणे, हा त्यांचा अपमान आहे. माझ्या पणजोबांचाही तो अपमान आहे.

धाक आणि साक्ष यांत काय अंतर आहे हे आपल्या मराठी मुलखाने पाहिलेले आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि ते कायमचे उठावयास १८१२ साल उजाडले. त्याविषयी माझ्या धर्माच्या माणसाने मान खाली घालावी. सबबी सांगू नयेत. पण त्याच गोव्यात, त्याच काळात, फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट मराठी शिकला आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्याने रचले. ते १६१६ साली छापले गेले. इन्क्विझिशनचे नाव आज शिवीसारखे उच्चारले जाते. पुराण मात्र मराठीच्या अभ्यासक्रमात आहे, आणि ते शिकवणारे प्राध्यापक बहुतेक हिंदू आहेत.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक अवघड आहे, म्हणून ते टाळीत नाही. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९३ साली मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून वादळ उठले, आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळ सोडून गेले. सदनात धर्म शिकवणार नाही असे वचन होते, म्हणून त्यांचे दुखणे खरे होते. पण बाईंचाही प्रश्न खरा होता. मी मुलींना बोलावणार नाही, सक्ती करणार नाही; पण माझ्या खोलीत प्रार्थना करताना दार का लावून घेऊ? त्या वादात कोण किती चुकले याचा निवाडा मी करीत नाही. केशवपन झालेल्या त्या पोरींना जवळ घेणारी घरे त्या वेळी किती होती, एवढे मात्र दोन्ही पक्षांनी आठवावे.

आणि ना. वा. टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे हिंदूच राहिल्या आणि पुढे आपल्या मनाने, आपल्या वेळी ख्रिस्ती झाल्या. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे टिळक सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही चालतील असे ठरवले. वहीच फाडून टाकली म्हणा ना! टिळकांनी किती माणसे ख्रिस्ती केली हे आज कोणी विचारीत नाही. 'स्मृतिचित्रे' मात्र वाचल्यावाचून मराठी माणसाचे वाचन पुरे होत नाही.

जवळचे उदाहरणही देतो. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातल्या मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स हे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे मिशनरी आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने जाळून मारले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, आणि त्या लगेच मायदेशी गेल्या नाहीत. पुढे काही वर्षे त्याच कुष्ठरोग्यांत राहिल्या. २००५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्या दिवसांत या देशाने जी सुवार्ता ऐकली, ती एकाही ध्वनिक्षेपकातून निघाली नव्हती. आणि ती ऐकून कोण ख्रिस्ती झाले याची नोंद कोणी ठेवली असेल, तर त्या बाईने ठेवलेली नाही.

असो. दोघा वहीवाल्यांना माझे शेवटचे सांगणे एकच आहे. तरुण मित्रा, तुझी वही मिटव आणि आमच्या गावात दोन वर्षे राहून दाखव. कुणाच्या अंत्ययात्रेला जा, कुणाच्या पोराचा अभ्यास घे, आणि विचारले तर मोकळेपणाने सांग. आणि धर्मरक्षक मित्रा, तुझीही वही मिटव. तुझा धर्म एका शेजारणीच्या पाच मिनिटांच्या प्रार्थनेने बुडेल इतका लेचापेचा आहे, असे मी तरी मानीत नाही; तू का मानतोस?

गेल्या नाताळला पत्नी करंज्यांचे ताट घेऊन वहिनींकडे गेली. वहिनींनी ते उंबऱ्यातच घेतले, मागे वळून घरात पाहिले, आणि हळूच विचारले, "ताई, अजून करता ना हो प्रार्थना पोरासाठी?" पत्नी "करते" म्हणाली. एवढेच बोलणे झाले.

ताट अजून त्यांच्याकडेच आहे. आपल्यात ते रिकामे परत पाठवीत नाहीत. या दिवाळीला मी दाराकडे कान लावून बसणार आहे.